भाजलेला युरिया आणि माझी विहीर

माझ्या विहिरीचं पाणी गोड म्हणून अख्ख्या गावात नावाजलेलं. पण फवारणीचं औषध उतरतं म्हणून पोरानं ते प्यायचं बंद केलं आणि घरात जार आणला. स्वतःची विहीर सोडून विकतचं पाणी प्यायचं, याला म्हणे सुधारणा म्हणतात.

अशात रसायनशास्त्र शिकणारी नात सुटीत आली. तिच्याजवळ दोन पुड्या. एक पांढरी, भिंतीच्या रंगात असते ती. दुसरी फिक्कट पिवळी.

"हे पिवळं बी तेच हाय आबा. युरिया घालून भट्टीत भाजलं."

"एवढं शिकून युरिया भाजून राह्यली काय वं? मी तं कच्चाच टाकतो."

"पांढऱ्या पुडीले उन्हातला डोळ्याले न दिसणारा उजेड लागते. पिवळीले साध्या बल्बाचा बी चालते. उजेड भेटला का पाण्यातलं औषध, रंग, सारं तोडते."

मी चौथी नापास. तरी कामाचं तेवढं कळलं : माझी विहीर पुन्हा प्यायची होणार.

तिनं काचेच्या दोन वाडग्यांत पाणी घेऊन निळा रंग कालवला, एकेकात एकेक पूड टाकली, वर बल्ब लावला आणि मंगरूळपीरला गेली. संध्याकाळी येऊन पाहते तर दोन्ही वाडगे निळेच. वर ताटं झाकलेली!

"आजी, हे काहून झाकलं?"

"पाणी उघडं ठेवतेत काय कोनी? पाल पडली असती म्हंजे?"

आमच्या घरात विज्ञान पालीला भिऊन अंधारात बसलं.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेऊन बल्बाजवळ बसलो. पालीसाठी नाही, बायकोसाठी. दुपार कलली तेव्हा पिवळ्या पुडीचा वाडगा निवळला होता. पांढरीचा निळाच.

"चाल, टाक विहिरीत," मी उठलो.

"आबा, वाडग्याची गोष्ट येगळी. इहिरीच्या तळाशी उजेड कुठून आनसान? अन् ते पूड मंग काढन कोन?"

"मंग कायले बसवलं मले दिवसभर?"

"औषध जाऊ द्याचं अन् मंग तोडाचं, त्यापेक्षा जाऊच नोका देऊ. तुमी फवारनीचा पंप कुठी धुता?"

पंप मी विहिरीच्या काठावरच धुतो. बापही सारं तिथंच धुवायचा. तसं मी ठणकावून सांगितलं. ती फक्त हसली आणि वाडगे घासायला घेऊन गेली.

जार अजून येतो. त्या पाण्याला चव नाही, पण पितो. पंप हल्ली दूर पडीत रानात धुतो. नातीनं सांगितलं म्हणून नाही. तिथं सावली चांगली आहे.