लॅबवाले शिंगे

१९९९च्या फेब्रुवारीत धम्मपाल शिंगे नेहमीपेक्षा नऊ दिवस आधीच कोल्हापूरला घरी आला. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, असं त्याचं बारा वर्षं चाललं होतं. संघप्रिया, त्याची बायको, एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. ती ड्युटीवरून आली तेव्हा दारात त्याचे जाड तळाचे बूट दिसले.

"लवकर सोडलं व्हय?" तिनं विचारलं.

"कायमचंच सोडलं," तो म्हणाला आणि खिशातलं पत्र तिच्या हातात दिलं.

तो भूवैज्ञानिक होता. समुद्रात तेलाची विहीर खोदताना खालचा दगड चुरा होऊन चिखलाबरोबर वर येतो. तो चुरा चाळायचा, धुवायचा, सुकवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुठला थर लागलाय ते सांगायचं, हे त्याचं काम. दिवस असो वा रात्र, बारा तासांची पाळी. त्यानं सांगितलं की खोदणारे वेग कमी करत, त्यानं सांगितलं की थांबत. पण गेल्या वर्षी जगभर तेलाचा भाव इतका पडला की खोदणंच परवडेना. धम्मपालची कंपनी खोदणाऱ्यांना माणसं पुरवायची. तिनं एका दिवशी अकरा जणांना पत्रं दिली.

पुढचे पाच महिने त्यानं अर्ज केले. बडोदा, चेन्नई, दिल्ली. कुठून उत्तर आलं नाही, कुठून "कळवतो" असं आलं. मधे गारगोटीकडच्या दोघातिघांनी बोअर कुठं मारायची ते दाखवायला बोलावलं. त्यानं दोन दिवस रानात हिंडून "इथं खाली पाणी नाही" असं सांगितलं. असं सांगणारा माणूस कुणालाच नको होता. हातावर नारळ उभा राहिला की "हितंच हाय" म्हणणारा पाणाड्या त्यांना बरा वाटला. तोही धंदा तिथंच संपला.

जुलैमध्ये आईला, आक्काताईला, ताप आला. वडील बाबासो तिला कुरुंदवाडहून एसटीनं घेऊन आले. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि धम्मपाल रिपोर्ट आणायला लक्ष्मीपुरीतल्या लालासाब मुजावरांच्या लॅबमध्ये गेला. लालासाब पन्नाशी उलटलेले टेक्निशियन. एक खोली, एक बाकडं, एक फ्रीज, आणि संध्याकाळी तपासून सह्या करायला येणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाई. लालासाब सूक्ष्मदर्शकावर वाकून डोळे चोळत होते.

"पावणं, जरा बसा. ही दुर्बीण गेले चार महिने धूसर दावतीया. कंपनीचा माणूस येतो म्हणतोय, येत न्हाय."

"मी बघू?"

लालासाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाजूला सरकले. धम्मपालनं डोळा लावला, खालची उजेडाची भिंगं दोन बोटांनी थोडी वर घेतली, मध्यावर आणली, आरसा पुसला. पुन्हा बघितलं. मग तो लगेच उठलाच नाही. आयुष्यभर त्यानं वाळूचे कण बघितले होते, चुनखडीतले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे बारके शंख बघितले होते. हे रक्तातले गुलाबी, गोल, एकमेकांना खेटलेले दाणे त्यानं कधी बघितले नव्हते.

लालासाबांनी बघितलं. "काय केलंसा वो? आरशागत दिसायलंय की."

"बारा वर्षं हेच करत होतो. फक्त खाली दगड असायचा."

आक्काताईला टायफॉइड निघाला. ती तीन आठवड्यांत बरी झाली. त्या तीन आठवड्यांत धम्मपाल काही ना काही निमित्तानं सहा वेळा लॅबमध्ये गेला. शेवटी लालासाबच म्हणाले, "वर्षाचा डिप्लोमा करा आन् या हितं. माझी नजर आता कमी आलीया."

संघप्रियाला हे पटलं. कोर्स होईपर्यंत घर तिच्या पगारावर चालेल, असं तिनं हिशोब न मांडताच सांगून टाकलं. बाबासोंना मात्र पटलं नाही. ते झेडपीच्या शाळेत शिपाई होते. गावात कुणी विचारलं की "आमचं पोरगं समुद्रातनं तेल काढतंय" असं सांगायची त्यांना सवय झाली होती. धम्मपालनं कुरुंदवाडला जाऊन सांगितलं तेव्हा ते अंगणात बाज विणत बसले होते. हात थांबले नाहीत.

"माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं वढली," ते म्हणाले. "माझ्या बापानं छप्पन साली बुद्धाला हात जोडलं आन् ते काम टाकलं. गावानं दोन वर्सं त्येला कामाला लावला न्हाय. तरी टाकलं. आन् तू एमेस्सी हून लोकांचं रगात आन् मूत निवडणार?"

"आबा, ते शास्त्र आहे."

"असंल. मला कशाला विचारतोस मग?"

 आजोबांनी काय सोसलं ते धम्मपाल लहानपणापासून ऐकत आला होता. वडील चुकीचं बोलतायत असं त्याला वाटत नव्हतं, आणि आपण चुकतोय असंही वाटत नव्हतं. तो तसाच शेवटच्या एसटीनं परत आला. त्यानंतर दीड वर्ष बाबासो मुलाच्या घरी आले नाहीत.

डिप्लोम्याच्या वर्गात सगळी विशीच्या आतबाहेरची मुलं. हा अडतीस वर्षांचा. पहिले दोन महिने मुलं त्याला सर समजून उठून उभी राहत. अभ्यास अवघड गेला नाही. अवघड गेलं ते सुई टोचणं. दगड हात मागं घेत नाही. माणूस घेतो, आणि त्याच्या डोळ्यांत भीती दिसते. पहिल्यांदा त्यानं इतका वेळ लावला की शेजारच्या मुलीनं सुई काढून घेतली. घरी संघप्रियानं हात पुढं केला.

"टोचा."

"तुला दुखेल."

"दुखणारच की. न दुखणारं कोण येणार हाय तुमच्याकडं?"

तिच्या हातावर आठ दिवस निळे डाग होते. दवाखान्यात कुणी विचारलं तर ती "नवऱ्याचा अभ्यास चाललाय" म्हणायची. नवव्या दिवशी डाग पडला नाही.

२००१ मध्ये तो लालासाबांकडे रुजू झाला. लोक त्याला "लॅबवाले शिंगे" म्हणू लागले. त्याचं काम सावकाश असायचं. लालासाब वैतागत, "सायेब, पेशंट बाकड्यावर म्हातारा व्हईल." पण डॉक्टर मंडळींच्या हळूहळू लक्षात आलं की ह्या माणसाच्या हातून गेलेला रिपोर्ट फिरून बघावा लागत नाही.

२००५ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा गावांत शिरल्या. कुरुंदवाड कित्येक दिवस पाण्यात होतं. पाणी उतरलं तसे ताप सुरू झाले. डॉक्टरांच्या एका गटानं शाळेत शिबिर लावलं आणि रक्त घेऊन तपासायला धम्मपालला बोलावलं. तो स्वतःच्याच गावात, वडील जिथं शिपाई होते त्याच शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसला. चौथ्या दिवशी वरच्या गल्लीतल्या झुंबरबाईंना त्यांच्या मुलानं खुर्चीत बसवून आणलं. सत्तरीची बाई, शुद्धीवर अर्धवट. कुठल्याशा लॅबमध्ये आधी तपासणी झाली होती, त्यात काही सापडलं नव्हतं.

धम्मपालनं रक्त घेतलं, काचेवर पसरून रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. पहिली शंभर ठिकाणं बघितली, काही नाही. इथं बहुतेक जण थांबतात. तो थांबला नाही. तेलाच्या कामात हजार कणांत एखादाच कण कामाचा असतो, आणि तो नाही असं म्हणण्यापूर्वी हजार कण बघावेच लागतात. चाळीस मिनिटांनी त्याला एका पेशीत बारीक अंगठीसारखी खूण दिसली. पुढं अजून दोन. मलेरिया, आणि त्यातला जिवावर बेतणारा. त्यानं टेबल सोडून पळत जाऊन डॉक्टरांना काच दाखवली. डॉक्टरांनी खात्री करून घेतली आणि संध्याकाळच्या आत झुंबरबाईंना सलाईन लागलं. आठवड्यानं त्या चालत घरी गेल्या.

बाबासोंच्या घरातही पाणी शिरलं होतं, म्हणून ते आणि आक्काताई त्याच शाळेच्या एका वर्गात राहत होते. बाप-लेकाचं बोलणं आता होत असे, पण कामाचा विषय दोघंही टाळत. झुंबरबाई घरी गेल्या त्या दिवशी जेवताना बाबासोंनी विचारलं, "झुंबरबाईचं रगात तूच काढलंस?"

"हो."

"त्येंच्या परड्यात मी पोरपणी शेण काढायला जायचो. पाणी वरनं वतायची, वंजळीत." त्यांनी ताट जवळ ओढलं. "हात धरू दिला तिनं?"

"दिला की. ताप होता."

"उतरल्यावर?"

"उतरल्यावर पुन्हा तपासायचं होतं. तेव्हाही दिला."

बाबासोंनी भाकरीचा तुकडा मोडला.  दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्हरांड्यात आले आणि लोकांना रांगेत उभं करू लागले. शिपायाची जुनी सवय. शिबिर संपेपर्यंत ते रोज आले.

२००८ मध्ये तेलाचे भाव गगनाला भिडले आणि कंपन्या जुनी माणसं शोधू लागल्या. धम्मपालच्या जुन्या कंपनीतून फोन आला. पगार आताच्या कित्येक पट. त्यानं दोन दिवस मागून घेतले. संघप्रिया म्हणाली, "तुमचं मन असंल तर जावा, मी हाय हितं." लालासाबांच्या नजरेला आता काहीच बारीक दिसत नव्हतं, पण ते "जाऊ नका" असं म्हणाले नाहीत. त्यांची मुलगी मुबशिरा नुकतीच डिप्लोमा करून आली होती. ती धम्मपालच्या हाताखाली काचा बघायला शिकत होती.

त्यानं कुरुंदवाडला फोन लावला.

"तुझं तू बघ," बाबासो म्हणाले. "पण मंगळवारी माझी साखर तपासायची हाय. ती दुसऱ्या कुणाकडं मी काढून घेणार न्हाय."

समुद्र त्याला आठवायचा. पहाटेचा, विहिरीवरच्या दिव्यांसकट आठवायचा, आणि तिथलं काम त्याला आवडायचं हे त्यानं कधी नाकारलं नाही. तरी त्यानं कंपनीला फोन करून नकार कळवला. पलीकडच्या माणसानं नम्रपणे विचारलं की सध्या आपण कुठल्या क्षेत्रात आहात. धम्मपालनं सांगितलं, लक्ष्मीपुरीत एका लॅबमध्ये आहे, रक्त तपासतो.  मग तो माणूस म्हणाला, बरं, पुण्यात माझ्या वडिलांचा एक रिपोर्ट आलाय, तो नीट कळत नाही, जरा विचारू का?

"वाचा," धम्मपाल म्हणाला, आणि कागद-पेन ओढून घेतलं.