राणी परत येते का?

एका बंद पडलेल्या मालिकेवरून कादंबरी लिहून द्या, असं प्रकाशकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शाळेला उन्हाळी सुट्टी होती आणि सेलूच्या उन्हात बाहेर पडायची सोय नव्हती. मालिका जादूच्या राज्याची. राणी, तिची मुलगी, उडणारे घोडे, बोलणारा डोंगर. शेवटच्या भागात राणी डोंगराच्या दारातून आत जाताना 'येते' म्हणते, मुलगी नुसती बघत राहते, संगीत वाजतं आणि संपतं. पुढं काय होणार होतं ते मलाही कुणी सांगितलं नाही. "उद्या पुढचा भाग निघाला तर पंचाईत नको, तिथंच थांबा," एवढं प्रकाशकांनी बजावलं. मी थांबले.

पुस्तक आलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. वालूरच्या एका दुकानदारानं साखर बांधता बांधता विचारलं, "बाई, राणी मेली का हाय?" मला माहीत नाही म्हटलं, तर म्हणाला, "तुमीच लिवलंय की." ताडकळसच्या बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली, कडेवर पोर. राणीचा घोडा पांढरा होता, तुम्ही काळा कसा केला, म्हणून माझ्यावरच रागावली. घरी येऊन मालिकेत बघितलं, घोडा खरंच पांढरा होता. एका शिक्षकांनी फोनवर सांगितलं की भाषा छान आहे, पण यातलं काहीच खरं कसं नाही? हे कौतुक की तक्रार, मला आजही कळलेलं नाही. राणीचं काय झालं हे मात्र प्रत्येकाला हवं होतं, आणि माहीत नाही म्हटलं की लोक एकमेकांत म्हणायचे, बाई भाव खायलात. मी खरंच वैतागले होते. आपणच लिहिलेल्या बाईचं पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक नसावं, याची लाजही वाटायची.

अशात एका रविवारी दुपारी पेडगावहून दोघी जणी आल्या. पंचावन्नच्या आसपासची एक बाई आणि तिची सून. घर मेंढरं राखणारं. सासूला वाचता येत नव्हतं, सुनेनं अख्खी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली होती. मी चहा ठेवायला उठले आणि नेहमीचा प्रश्न येणार म्हणून मनाची तयारी केली.

"ती राणी येनार न्हाई," सासू म्हणाली.

"कशावरून, मावशी?"

"तिला कुनी ये म्हनलंच न्हाई."

आपल्याकडं निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं, आणि घरातलं माणूस 'ये' म्हणतं. हे मी दिवसातून दहादा करते. पण टीव्हीवर त्या जागी संगीत होतं आणि मी त्या संगीताचंच चार ओळींत वर्णन करून ठेवलं होतं.

"मुलगी दुःखात होती, सुचलं नसेल तिला," मी सारवासारव केली.

"दुःखात न्हाई, रागात व्हती."

राग? मालिकेत राग कुठंच नव्हता. मला काही उमगेना. मग मावशींनीच सांगितलं.

"माझ्या पोरीनं आपल्या मनानं लगीन केलं. पुन्याला जायला निघाली तवा दारात येऊन 'येते आई' म्हनली. मी भाकरी थापायले व्हते. तोंड वर केलं न्हाई."

"दोन दिवाळ्या झाल्या," सून म्हणाली. "माझ्याशी बोलत्यात वन्सं. आत्याबाईंनी फोन घेतला की ठेवून देत्यात."

मावशींनी पिशवीतून पुस्तक काढलं. "ही मालिका तिच्या लय आवडीची. हे तिला धाडायचंय. त्यात ये लिवा."

छापलेल्या पानावर आपणच पेन चालवायचं मला विचित्र वाटलं. प्रकाशकांचं बजावणंही आठवलं. तरी शेवटचं पान उघडून मी समासात लिहिलं, "'ये,' मुलगी म्हणाली," आणि वाचून दाखवलं.

मावशींनी मान हलवली. "मुलगी न्हाई. आई म्हनली, असं लिवा."

"अहो मावशी, गोष्टीत आईच चालली आहे. 'येते' तीच म्हणते. मग 'ये' म्हणणारी आई कुठली? वाचणाऱ्याला काय कळायचं?"

"तिला कळंल," त्या म्हणाल्या.

मी 'मुलगी' खोडून 'आई' लिहिलं. ते नेमकं कुठं आहे, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवायला लावलं. शाई वाळेपर्यंत पान उघडंच धरून बसल्या आणि मग पुस्तक सुनेच्या हातात देत म्हणाल्या, "आता धाड."