खड्डा म्हणजे खड्डा

सासूबाईंना सगळी वसाहत खड्डेवाल्या बाई म्हणायची, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. वनखात्याच्या रोपवाटिकेत त्यांनी उभा जन्म काढला. खड्डा खणायचा, रोप लावायचं, पायाने माती दाबायची, पुढे सरकायचं. एकदा वणव्यात टेकडीची एक उतरण जळून कोळसा झाली, तेव्हा ती पुन्हा हिरवी करणाऱ्यांत त्या सर्वांत पुढे होत्या. जावई पोकलेन चालवणारा. लग्न ठरलं तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, बरं झालं, मुलगा खड्डे खणतो, म्हणजे आपल्यातलाच. हा विनोद बिचाऱ्याने प्रत्येक समारंभात ऐकला.

मग सरकारने त्या टेकडीवरचं राखीव जंगल खाणींसाठी खुलं केलं. कुणीही यावं, चार कोपऱ्यांवर खुंट ठोकावेत, कचेरीत दावा नोंदवावा. जो आधी येईल त्याचा तुकडा. अट एकच, दरवर्षी तिथे खोदकाम झालं पाहिजे, नाहीतर दावा रद्द. जावई कामाला होता त्या कंपनीने जवळजवळ सगळी टेकडी घेतली. फक्त ती वणव्यात जळालेली उतरण तेवढी हुकली, कारण कुणा म्हाताऱ्या बाईने तिथे आधीच खुंट ठोकले होते. हे ऐकून जावयाने कपाळावर हात मारला. म्हातारी कोण, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"आई, या वयात खाण काढणार तुम्ही?" त्याने घरी येऊन विचारलं.

"काढायचं कुठे लिहिलंय? खणायचं लिहिलंय. ते मला येतं."

आणि त्या खणत राहिल्या. रोपवाटिकेतल्या निवृत्त मैत्रिणींना गोळा करून वर्षभर खड्डे खणले आणि प्रत्येकात रोप लावलं. पलीकडच्या अंगाला जावई यंत्राने टेकडी पोखरत होता. डबा खाताना तो तिकडे बघायचा आणि त्याला लाज वाटायची. पण घर त्याच पगारावर चालत होतं, त्यामुळे डबा संपवून तो पुन्हा यंत्रावर चढायचा.

वर्ष भरलं तसा तपासणीसाठी अधिकारी आला. कंपनीचा मॅनेजरही आला, आणि येताना पोकलेन घेऊनच आला. दावा रद्द झाला की लगेच हात घालायचा होता. उतरणीच्या कडेला यंत्र घरघरत होतं आणि आत जावई घामाघूम होऊन बसला होता.

खोदकाम कुठे आहे, असं अधिकाऱ्याने विचारलं. सासूबाईंनी रोपं दाखवली, खड्डे यांच्याखाली आहेत म्हणाल्या. मॅनेजर हसला. ही बागकामं झाली, याला खोदकाम म्हणत नाहीत, असं त्याचं म्हणणं. अधिकारी पेचात पडला. नियमात खड्डा रिकामाच हवा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्याने पोकलेनवाल्याला हाक मारली. तुम्ही रोज हेच काम करता, तुम्हीच सांगा.

जावयाने यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. मॅनेजर डोळे वटारून बघत होता. सासूबाई मात्र एका रोपाची माती दाबत होत्या; त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"साहेब, खड्डा म्हणजे खड्डा. मी खणतो ते उघडे राहतात, यांनी भरलेत. एवढाच फरक."

"ही बाई तुझी कोण लागते रे?" मॅनेजर खेकसला.

"सासू लागते. आणि खणते माझ्यापेक्षा चांगलं."

अधिकाऱ्याने गालातल्या गालात हसत दावा कायम केला. जाता जाता विचारलं, खोदकामात काय सापडलं, तेही लिहावं लागतं.

"माती लिहा," सासूबाई म्हणाल्या. "कोळसा होता, त्याची माती केली."

कंपनीने जावयाला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर आहे, पगार निम्मा. सुट्टीच्या दिवशी फावडं खांद्यावर टाकून तो उतरणीकडे निघतो. वाटेत कुणी विचारलंच, हल्ली काय चाललंय, तर छाती काढून सांगतो, खड्डेवाल्या बाईंचा जावई आहे मी.