मेढ निघेना

माझ्या लग्नाचा मांडव पिंपळवंडीला आमच्या अंगणात पडला. अंगणाला लागूनच विहिरीचा पाट, त्यामुळं माती बारमाही ओली. ताईच्या लग्नात मुहूर्तमेढ, म्हणजे मांडवाचा पहिला मानाचा खांब, ऐन वेळी कलला होता आणि त्यावरून आत्यानं वर्षभर सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

माझ्या वेळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेगळंच केलं. ते तेव्हा सरकारी बंगल्याच्या बांधकामावर मुकादम होते. तिथल्या पिंपाच्या तळाशी उरलेलं सिमीट त्यांनी मागून आणलं. खड्ड्यात झरलेलं पाणी उपसलं, हळदकुंकू वाहून मेढ उभी केली, आणि वाळू, खडी, सिमीट कालवून भोवती ओतलं. मी तिथून हलेना. पाण्यानं माती मऊ होते हे मला ठाऊक. मग ही राखाडी भुकटी पाण्यानंच घट्ट कशी होते? सारखी बोट खुपसून बघत होते. संध्याकाळी बोट जाईना. ओरखडून पाहिलं तर नखच मोडलं. हळद लागायच्या आत नवरीचं नख मोडलं म्हणून आत्या करवादली. मला मात्र भारी मजा वाटली.

लग्न झालं, आणि शिनोलीच्या सासरहून मी मांडवपरतणीला माहेरी आले. मेढ उपटायची, मांडव उतरवायचा आणि मगच लेक परत धाडायची, अशी आमच्याकडची रीत. चुलत्यांनी मेढ धरून हिसके दिले. ती ढिम्म हलेना. करवत लावू का, म्हटलं तर आत्या कडाडली, "मानाच्या मेढीला लोखंड लावत न्हाईत!" भोवतीनं खणू या म्हटलं, तर आबा "पाट फुटंल" म्हणून उद्यावर ढकलत. मला आतून उकळ्या फुटत होत्या. मेढ निघत नाही तोवर मी इथंच.

शेवटी सासरेच मला न्यायला आले. वाकून त्यांनी त्या दगडावर टिचकी मारली. "पावणं, मांडव घातलाय का किल्ला बांधलाय?" म्हणत हसले, भोवतीनं खणायला लावलं आणि बैल जुंपले. मेढ गोळ्यासकट वर आली. खड्डा लगेच पाण्यानं भरला.

गाडीत बसताना मी आबांना हळूच विचारलं, "आबा, ते दगड व्हतंय हे तुमाला म्हाईत न्हवतं?"

"म्हाईत व्हतं. बंगल्यावर रोज बघतोय की."

"मग?"

आबांनी जू नीट बसलंय का ते चाचपून पाहिलं. ते नीटच बसलेलं होतं.

"ताई मांडव उतरला त्याच दिवशी सासरी गेली व्हती," ते म्हणाले. "तवा मला लई जड गेलं."