फोटोखालची ओळ

पेपरच्या ऑफिसात तिला सगळे 'चौकशी' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही म्हणायला तिने जागाच ठेवली नव्हती. पासपोर्ट फोटोंच्या स्टुडिओत कामाला होती तेव्हाही गिऱ्हाइकाला "हनुवटी वर" सांगता सांगता ते कुठे चाललंय, कशाला, मागे कोण राहणार, हे सगळं ती काढून घ्यायची. गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत जायची. शेवटी मालकानेच कंटाळून तिला पेपरात चिकटवून दिलं.

युद्ध सुरू झालं तेव्हा बाकीचे फोटोग्राफर रणगाड्यांमागे धावले. ही शिरली लोकांच्या स्वयंपाकघरांत. नळाला पाणी नाही, तर भांडी कशी घासता? खिडकीला काच नाही, तर लावता काय? शाळा पडली, मग हजेरी कुठे घेता? उत्तर मिळालं की मगच कॅमेरा डोळ्याला. "आम्ही लढाई काढतो, ही भांडी काढते," असं सहकारी चिडवायचे. "लढाई रोज तीच असते हो," ती म्हणायची. "भांडी घरोघरी वेगळी." नाक खुपसायची ही सवय तिने अकरा वर्षं पगारावर जोपासली.

कामाची पद्धत मात्र काटेकोर. रोल संपला की डबीला चिकटपट्टी लावून तिच्यावर नंबर घालायचा, आणि वहीत त्या नंबराखाली कोण, कुठलं, काय झालं ते लिहायचं. फोटोखालची ओळ वहीवरून व्हायची. त्या ओळीत साध्या माणसांची नावं घालायची नाहीत, असा पेपरचा नियम होता. घरचं माणूस गेल्याचं कुणाला पेपरातून कळू नये म्हणून. नियम चांगलाच होता, पण त्या मंगळवारी तोच अंगाशी आला.

एका गल्लीत त्या दिवशी तिने दोन रोल काढले. एकात टेलरबाईंची झोपायची खोली. छप्पर उडालेलं, पलंग आवरलेला, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. बाई शेजारच्या खोलीत धडधाकट बसून काजे करत होत्या. दुसऱ्या रोलमध्ये चार घरं सोडून घड्याळजींची खोली. तीही तशीच उघडी, पण घड्याळजी वाचले नव्हते. बायको आधीच गाव सोडून गेली होती, ते एकटेच मागे राहिले होते, एवढं शेजाऱ्यांनी सांगितलं. तेवढ्यात भोंगा वाजला. दोन्ही डब्या खिशात कोंबून ती तळघरात पळाली आणि तिथल्या अंधारात चिकटपट्ट्या लावत बसली. तीन नंबरच्या डबीवर चारची पट्टी लागली, चारवर तीनची.

चार दिवसांनी ती लोकांना त्यांच्या फोटोंच्या प्रती द्यायला गल्लीत परत आली. टेलरबाई दारातच पेपर घेऊन उभ्या होत्या.

"ये गं बाई, ये! मला मारलंस की तू!"

फोटो त्यांच्या पडद्याचा होता आणि खाली ओळ होती: 'या खोलीत एकट्या राहणाऱ्या व्यक्तीचा मंगळवारच्या हल्ल्यात मृत्यू.' चौकशीने कपाळाला हात लावला. आपला नंबर चुकला, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

बाई आधी खूप हसल्या आणि मग पेपराची घडी घालता घालता थांबल्या. "हा पेपर निर्वासितांच्या छावणीत जातो का गं?"

"जातो."

"माझी पोरगी आहे तिथे. पडदा तिनेच शिवलाय."

फोन महिनाभर बंद होते. उद्या सहाव्या पानावर दोन ओळींचा खुलासा टाकू, असं सांगून फोटोसंपादकाने हात वर केले. चौकशीला ते पटलं नाही. पानभर खोटं छापून दोन ओळींत खरं सांगायचं, हा कुठला हिशोब? तिने टेलरबाईंचा ताजा फोटो काढून धुऊन घेतला. पण एकदा फोटोने फसवल्यावर पोरगी दुसऱ्या फोटोवर विश्वास कसा ठेवणार? म्हणून बाईंकडून चिठ्ठीही घेतली आणि सकाळी पावाच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून ती छावणीकडे निघाली. वाटेत तिने ड्रायव्हरला एकही प्रश्न विचारला नाही. मुलीने काही बरंवाईट करून घेतलं असेल तर, एवढा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता.

एकेका गल्लीची माणसं छावणीत एकेका तंबूत होती, त्यामुळे शोधाशोध फार पडली नाही. मुलगी कोपऱ्यात दगडासारखी बसली होती. एक वयस्कर काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला चमच्याने पाणी पाजत होत्या.

"तीन दिवस झाले, अन्नाला शिवली नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

चौकशीने चिठ्ठी पुढे केली. मुलीने वाचली. 'मी जिवंत आहे. रडत बसू नकोस. माझी मोठी कात्री कुठे ठेवलीस?'

"कात्री!" मुलगी किंचाळलीच. "मीच आणली! उशीखाली आहे!" आणि ती हसायला लागली, रडायलाही लागली. तंबूत एकच गलका झाला. सगळ्यांत जास्त आनंद काकूंना. मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्या म्हणत होत्या, "मी म्हणत नव्हते? पेपरवाल्यांना काय कळतंय?" चौकशीचा जीव भांड्यात पडला. तिने चूक सांगून टाकली, माफी मागितली. दोन खोल्या होत्या, ओळ दुसरीची होती.

"मग ताई," मुलीने डोळे पुसत विचारलं, "ती ओळ कुणाची?"

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईला आत्ता कुठे हा प्रश्न दिसला.

"थांब, मी सांगते," काकू म्हणाल्या. त्या अजून हसतच होत्या. बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत त्या मोजू लागल्या. "आपल्या गल्लीत एकटं कोण राहिलंय? एक तुझी आई. दुसरे आमचे हे, दुकानातली लोकांची घड्याळं सोडून येत नाही म्हणाले..."

अंगठा दुसऱ्या पेरावर थांबला. चौकशी त्यांच्याजवळ खाली बसली.