आत्याचा षड्ज आणि माझा हायड्रोजन

कावेरीची शपथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणजे, बरंचसं. कावेरीला त्या दिवशी पाणी नव्हतं, तेव्हा शपथ जरा बेतानं धरा.

माझी आत्या कावेरीकाठच्या तिरुवैयारूत गाणं शिकवते. जन्म शिकवण्यात गेला, पण सभेत, म्हणजे गावच्या संगीत मंडळात, गायला तिला कधी कुणी बोलावलं नाही. त्या दिवशी सभेचे सेक्रेटरी तिला ऐकायला घरी आले, आणि नेमका करंट गेला. गाण्याला आधारसूर देणारी श्रुतीपेटी विजेवरची. श्रुतीशिवाय आत्या गाणार कशी?

म्हटलं, मी आहे ना! आता हसू नका. कॉलेजचा प्रोजेक्ट स्कूटरवर होताच. टिफिनएवढा डबा. मिथेनॉल आणि पाणी ओतायचं, आत तापून त्याचा हायड्रोजन होतो, तो शेजारच्या फ्युएल सेलमध्ये गेला की वीज. फक्त डबा तापायला बराच वेळ लागतो, हे मी विसरलो. डबा मीच बनवलेला, बरं का! तोवर आतला पंप छोट्या बॅटरीवर नुसता घुमत राहतो.

मी वायर जोडली आणि गंभीरपणे म्हणालो, "आत्या, श्रुती आली."

श्रुतीपेटी गार पडलेली. घुमत होता तो पंप. आत्यानं डोळे मिटले, त्यालाच षड्ज मानला आणि सुरू झाली.

काय गायली! सेक्रेटरींनी डोळे मिटले. साथीला बसलेल्या मृदंगवाल्या मामांनी हात थांबवून डोळे मिटले. मग बॅटरी उतरू लागली, तसा पंपाचा सूर खाली सरकला. त्याच्यामागून आत्याही. इतकं हळू, की सगळं घर झोपेतच घाटाच्या पायऱ्या उतरतंय असं वाटावं. सांगायला हवं होतं. पण मीही डोळे मिटले होते.

तेवढ्यात डबा तापला. हायड्रोजन आला! माझ्या आयुष्यातली पहिली वीज! श्रुतीपेटी जागी झाली आणि आपल्या अचूक सुरात बोंबलली.

आत्या सोडून सगळ्यांचे डोळे उघडले.

"तंबी, अरे पोरा," सेक्रेटरी मला म्हणाले, "ते बेसूर आधी बंद कर."

"पण सार, सुरात तर श्रुतीपेटीच आहे..."

"बाळ्या," आत्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बंद कर म्हणतात ना ते?"

वर्षभर खपून काढलेली वीज मी माझ्याच हातानं बंद केली. बेसूर म्हणून!

आत्याला सभेत गाणं मिळालं. सेक्रेटरींची अट एकच: साथीला तोच डबा हवा, फक्त त्यातून वीज येता कामा नये.

हसून झालं? उद्या कचेरी आहे, म्हणजे आत्याची मैफल, ऑफिस नव्हे, आणि बॅटरी पार मेलीय. काढा वर्गणी.