ठाण्यात तपासलेला जावई

होणाऱ्या जावयाने घरात हेर घातल्याची ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. चोऱ्या, मारामाऱ्या, शेताच्या धुऱ्यावरून फुटलेली डोकी आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. ही तक्रार मात्र वेगळीच राहिली.

जिल्ह्याचे दोन भाग होऊन काही वर्षं झाली होती. विभागणीत कपाटं गोंदियाला गेली आणि चाव्या भंडाऱ्याला राहिल्या, असा विनोद तेव्हा आमच्यात चाले. मी वरठीच्या बाजूच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना कारखान्यातले एक फोरमन आले. सोबत त्यांची शिक्षिका असलेली मुलगी आणि तिचे मामा.

"जयभीम, साहेब. माह्या घरात हेर घुसला हाय. होणाऱ्या जावयानं टाकला."

हकीकत अशी. घरी नवा संगणक आला होता. मुलीचं लग्न जुळलं होतं, रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मुलगा नागपूरला संगणकाच्या नोकरीत. घरच्या संगणकावर चोरून नजर ठेवणारे प्रोग्राम पकडायला काय बसवावं, असं मुलीने विचारलं. त्याने एक सॉफ्टवेअर सीडीवर दिलं. हे कळल्यावर मामांनीही इंटरनेट कॅफेतून तसंच दुसरं, फुकटचं, सीडीवर उतरवून आणलं. मामाने आणलेली वस्तू परत करायची आमच्याकडे रीत नाही. लग्नाच्या वर्षात तर नाहीच. तेव्हा दोन्ही बसवली. मामांच्या सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी पडदा लालभडक केला आणि जावयाचं सॉफ्टवेअर हेर असल्याचं जाहीर केलं.

"साक्षगंध मोडतो म्हंतो मी," फोरमन म्हणाले. "आतापासूनच नजर ठेवून राहिला, तं पुढं काय करन?"

"बाबा, माह्या संगणकात पाहाले हाय काय? पाचवीचे पेपर," मुलगी म्हणाली.

"तू चूप राय."

"मी कायले चूप राहू? लगन माहं हाय."

लग्न मोडायची पाळी आलेली मुलगी सहसा रडते. ही चिडली होती. मी ते मनात टिपून ठेवलं. तक्रार स्टेशन डायरीत घेतली, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करू म्हटलं, दोन्ही सीड्या घेऊन यायला सांगितलं आणि मुलाला बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी तो रेल्वेने आला. सगळ्यांना समोरासमोर बसवलं. त्याचा जबाब छोटा होता. "सर, ते मले काहीच कळवत नाही. काही सापडलं तर घरच्यायलेच सांगते." खरं वाटलं, पण आरोपीचं बोलणं बहुधा खरंच वाटतं.

"मशीन खोटं बोलन काय, साहेब?" मामांनी विचारलं.

हा प्रश्न मला आवडला. साक्षीदार खरा की खोटा हे पाहायला त्याला अनोळखी जागी नेऊन तेच प्रश्न विचारावेत, हा आमचा जुना रिवाज. आणि तशी जागा ठाण्यातच होती. आम्हाला एक संगणक मिळाला होता. वरिष्ठांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं असल्याने तो प्लास्टिकच्या आवरणात, झेंडूचा हार घालून बसला होता. हार सुकला की हवालदार नवा घालत. एवढी सेवा आमच्या जीपला कधी लाभली नाही.

मी हार उतरवला. "मामा, तुमची सीडी तुमच्याच हातानं टाका."

मामांनी टाकली. थोड्या वेळात पडदा लाल झाला. हेरांची लांबलचक नावं आली आणि सगळ्यात वर जावयाचं सॉफ्टवेअर.

मुलगी वाकून वाचू लागली. "साहेब, त्यायची सीडी ह्या मशीनमधी टाकली होती काय?"

"कोणीच काही टाकलेलं नाही. आज पहिल्यांदाच सुरू झाला."

मामांनी पडद्यावरचं नाव दोनदा वाचलं. शेवटी तेच म्हणाले, "मंग यानं त्याले पाह्यलं कुठं?"

मग मुलाची सीडी लावली. तिने निमूटपणे काम केलं आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवलं: मामांच्या सॉफ्टवेअरवर. रक्षकाच्या वेशात घुसलेला हेर तोच होता. मामांचा चेहरा पाहवेना. मुलगा चटकन म्हणाला, "मामाजी, आमच्या हापिसातही एकानं हेच टाकलं होतं. तो तं इंजिनीअर होता."

फोरमन खाकरले, तक्रार मागे घेतो म्हणाले. मुलाने दोन्ही संगणक साफ करून दिले. आम्ही आमच्या संगणकावर पुन्हा आवरण आणि हार चढवला. पुढे वरिष्ठांनी फीत कापली, भाषणात त्याला 'कोरा करकरीत' म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे लोक मला विचारत, घरच्या संगणकाला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? मी खबऱ्याची कसोटी सांगे. कोणी पाठवलं ते त्याला सांगता यावं. न बोलावता आलेल्यावर विश्वास नको. गुन्हा नसेल तेव्हा त्याने गप्प बसावं. रोज नवा चोर दाखवणारा खबऱ्या स्वतःच चोर निघतो. आणि दुसऱ्या पहारेकऱ्याला आधी हाकला म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावं. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की चौकशीची सुरुवात आरोप करणाऱ्यापासून करावी. तो खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही.

त्या रविवारी साक्षगंध झालं. मी साध्या कपड्यात गेलो होतो. मामा मुलाशेजारी बसून त्याला आपल्या घरचा संगणक कधी पाहायला येतोस म्हणून विचारत होते. फोरमन माझा हात धरून मला पाहुण्यांमधून फिरवत होते.

"तुमच्या जावयाची चौकशी कोनं केली?" ते एकेका सोयऱ्याला विचारत.

"आमच्या मोठ्या भावानं," कोणी म्हणे. "साळ्यानं," दुसरा म्हणे.

"आमच्याची ठाणेदारानं केली," फोरमन सांगत. "ठाण्यात बसवून."